मदत हवी आहे: सेकिरो – गेनिचिरोपुढे गाडी अडकलीय

मंडळी,
'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' इथे कोणी पूर्ण केलाय का? गेम 2019चा, पण मी आत्ता सेलमध्ये घेतला, पीएस4वर. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो या बॉसपाशी नऊ दिवस अडकलोय. किती वेळा मेलो ते विचारू नका. आपण फार वेळा मेलो की गेममधली बाकीची पात्रं आजारी पडतात; मंदिरातला मूर्तिकार खोकायला लागलाय, एवढ्यावरून ओळखा. दर मरणाला निम्मे सेन (गेममधले पैसे) जातात, म्हणून आता वर जाण्याआधी नाण्यांच्या थैल्या विकत घेऊन ठेवतो.

याआधी 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' संपवला होता. तिथे फारच झालं तर डिफिकल्टी उतरवायची सोय होती. इथे ती भानगडच नाही.

अडचण अशी: तो उडी मारून वरून तलवार आपटतो, ती मी अडवतो. लगेच डोक्यावर ती लाल कांजी (धोक्याची खूण असलेलं जपानी अक्षर) झळकते आणि माझा अंगठा आपोआप उडीवर जातो. पण तो भोसकायला आलेला असतो! पुढच्या वेळी मिकिरी (भोसकणारी तलवार पायाखाली दाबायचा डाव) करायला सर्कल दाबावं तर नेमका खालून पाय कापतो. दुसरं म्हणजे, त्याचा पोश्चर (तोल ढळल्याची पट्टी; पूर्ण भरली की घाव घालता येतो) अर्ध्याच्या वर नेला की माझं रक्त संपत आलेलं असतं. लांब पळून औषधाचा तुंबा तोंडाला लावला की बाण आलाच. परत जवळ जातो तोवर त्याचा पोश्चर जैसे थे.

काल आई मागून बघत होती. म्हणाली, "रोज त्याच माणसाकडून मार खातोस, रस्ता बदल की."

प्रतिसाद 1:
पळणं बंद कर, अर्धं दुखणं तिथेच आहे. त्याला मोकळा सोडलास की पोश्चर परत उतरतो. सुरुवातीला रक्त कमी करण्यावर भर दे. रक्त कमी झालं की पोश्चर सावकाश उतरतो, मग चिकटून राहायचं. आणि एल1 (अडवायचं बटण) बडवत बसू नकोस. बडवलास की अचूक अडवण्याची वेळ आणखी आखडते.

प्रतिसाद 2:
कांजीकडे बघूच नका, ती दोन्ही वारांना सारखीच असते. तलवार बघा. टोक तुमच्याकडे रोखून हात मागे खेचला तर मिकिरी. खाली वाकून अंग पिळलं तर उडी, आणि हवेतून त्याच्या डोक्यावर लाथ. मंदिराबाहेर हानबेई उभा असतो ना, त्याच्याशी अर्धा तास सराव करा. तो मरत नाही आणि तक्रारही करत नाही.

प्रतिसाद 3:
तिसऱ्या टप्प्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो. वीज घेऊन तो हवेत गेला की तूही उडी मार. वीज हवेतच अंगावर घे आणि पाय जमिनीला लागायच्या आत आर1 (वाराचं बटण) दाब. जमिनीवर सापडलास तर संपलं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. हानबेईला तासभर पिडलं. तलवार बघायची युक्ती चालली, आज पहिले दोन टप्पे चारदा पार झाले. एकदा वीजसुद्धा परत फेकली. जमली म्हणून दोन सेकंद नुसता बघत उभा राहिलो, तेवढ्यात बाण.