वाडीला कावळा शिवेना, कारण गोठ्यामागे गरुड! आता फांदी तोडू की थांबू?

गोठेवाला
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचं घर. नोकरी संपवून तीन वर्षांपूर्वी मुंबईहून कायमचा आलो. पक्ष्यांतलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

परवा वडिलांचा म्हाळ होता. पडवीच्या कौलांवर वाडी ठेवली आणि वाट बघत बसलो. एरवी हातातली भाकरी पळवणारे कावळे, पण त्या दिवशी एक फिरकेल तर शपथ. आई म्हणाली, "ह्यांचं काहीतरी मनात राहिलंय." मग काय, दर श्रावणात अभिषेक कबूल केला, धाकट्याचं लग्न यंदा उरकतो म्हटलं, तरी शिवेना. तेवढ्यात गोठ्यामागे कालवा ऐकू आला. जाऊन बघतो तर सगळे कावळे तिथे! रायवळ आंब्याच्या शेंड्यावर घारीहून कितीतरी मोठा पक्षी. डोकं-पोट धुतलेल्या धोतरासारखं पांढरं, पाठ राखाडी. पंधरा-वीस कावळे त्याच्यावर तुटून पडलेत आणि हा मान वळवण्यापलीकडे काही करत नाही. शेवटी वाडी गाईला घातली.

तेव्हापासून पाळत ठेवून आहे. उजाडता उजाडता जोडी येते. काल त्यातल्या एकाने हातभर वाळकी काटकी पायांत धरून आणली, बेचक्यात ठेवली, चोचीने इकडची तिकडे केली आणि ती सुटली. गोठ्याच्या पत्र्यावर असा आवाज झाला की गाय दावं ताणून उभी राहिली.

अडचण अशी: त्याच आंब्याची एक फांदी गोठ्यावर आलीय. जुलैच्या वाऱ्यात तिची डहाळी पडून पत्रा फुटला. नवरात्रात ती तोडायची म्हणून माणूस ठरवलाय, इसारही दिलाय. हे खरंच घरटं बांधतायत का? भाद्रपदात कोण घरटं बांधतं?

ता. क. संध्याकाळी निसवलेल्या भातावर चतुर तर इतके, की हात फिरवला तर दोन हाताला लागतील. त्याचा काही संबंध?

सुमारे_सत्तर
मासे खाणारा ऑस्प्रे असेल. थंडीत येतो तो. चार दिवसांत जाईल, तोडा फांदी.

देवगडचो
ऑस्प्रे न्हय ओ, काकण ता! आमच्या बांदावरच्या सुरूर ह्येंचा घरटा आसा, मी शाळेत जाय होतंय तेवापासून थयच. दरवर्षी दोगांय मिळान नवी लाकडां वर चढवतत. आता घरटा कसला, लाकडांची भारीच ती. खाली शेंगट्यांची टकली नि दर्यातल्या सापांची हाडां पडलेली गावतत. एकदा आवशीन वाळत घातलेल्या सोलांवर अर्धो साप पडलो, तेवापासून ती सोलां मागल्या दारी घालता. वास सोसाची तयारी ठेवा, पण फांदयेक हात लावू नकात.

खाडीकाठची
देवगडच्या दादांचं बरोबर आहे. ऑस्प्रे नुकते यायला लागलेत, पण ते आपल्याकडे घरटं करत नाहीत. शिवाय त्याच्या डोळ्यातून काळा पट्टा जातो. तुमचा समुद्री गरुड. उडताना खालून बघा: पोट पांढरं, पंखांची मागची कड काळी, शेपूट आखूड. आणि घिरट्या घालताना पंख वर उचललेले, इंग्रजी व्हीसारखे.

भाद्रपदात कोण बांधतं म्हणता, तर हेच. पाऊस ओसरला की डागडुजी सुरू. अंडी बहुधा दोन, साधारण सहा आठवडे उबवायची, पुढे पिल्लू दोन-अडीच महिने घरट्यातच. म्हणजे तुमचा अख्खा हिवाळा गेला. ऐन बांधकामात खाली करवत चालली तर जोडी घरटं सोडून जाते, म्हणून घरटं वरच्या बेचक्यात असलं तरी खालची फांदीही आत्ता नको. पिल्लू उडाल्यावर, पावसाआधी मे महिन्यात बघा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा पहिल्या अनुसूचीतला पक्षी. आणि आंबा तोडायला परवानगी लागते ती वेगळीच, म्हणून एकदा वनखात्यात जाऊन या. गावाचं नाव नि फोटो मात्र इथे टाकू नका, कॅमेरेवाल्यांची जत्रा भरेल.

या गरुडांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत बरं का. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था 2002 साली यांच्याच घरट्यांसाठी वेळासला फिरत होती, तेव्हा वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. वेळासच्या कासवांचं काम तिथून सुरू झालं.

चतुरांचा गरुडाशी संबंध नाही. पण पिवळसर, न बसता घिरट्या घालणारे असतील तर ते लांबचे प्रवासी. ऑक्टोबरात मालदीवमध्ये यांचे थवेच्या थवे उतरतात, जिथे त्यांना वाढायला धड गोडं पाणीही नाही. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून 2009 मध्ये मांडलं, की हे भारताकडून समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात.

गोठेवाला
बोटभर किडा आणि आफ्रिका! मी बोरिवलीहून इथे यायला तीस वर्षं घेतली.

करवतवाल्याला नको म्हणून सांगितलं. इसार परत द्यायला तो तयार नाही, म्हणतो मे महिन्यात वळता करू. गाय पुढच्या पडवीत बांधली, आई कुरकुरतेय. आज सकाळपर्यंत बेचक्यात सात काटक्या टिकल्यात, पत्र्यावर पडलेल्या मोजल्या तर अकरा. त्या आईने चुलीला घेतल्या.

सर्वपित्रीला वाडी मात्र समोरच्या विहिरीच्या काठावर ठेवणार आहे. तिथून आंबा दिसत नाही.