इंग्लंडच्या निवांत वस्तीत सहा महिने: आम्हा दोघांना जमेल का?

भुसावळ_लोकोवाला

नमस्कार मंडळी. रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, बहुतेक सगळी इंजिनावर. घर भुसावळला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. रात्री गाड्यांचा आवाज थांबला की मला जाग येते, असा माणूस मी.

मुलानं लंडनच्या कडेला पिनर म्हणून ठिकाण आहे, तिथे घर घेतलंय. सहा महिन्यांचा व्हिसा काढून या, म्हणतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं गल्ली दाखवली. दुपारचे बारा, आणि रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, प्रत्येकापुढे वीतभर हिरवळ. मी विचारलं, आज बंद आहे का रे? तर म्हणे रोज असंच असतं.

आमच्या सौ.चं माहेर साक्रीकडचं. तिचा एकच प्रश्न: "तठे मी कोणासंगे बोलसू?" मुलगा-सून दोघंही सकाळी आठला घराबाहेर, परत यायला सहा. थंडीचं नि जेवणाचं आम्ही निभावून नेऊ. दिवस कसा जातो, तेवढं कोणी राहून आलेलं सांगेल का?

धुळ्याचा_खवय्या

काका, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला बॅगेत टाका, बाकी चिंता नको. पेढे आणि तूप मात्र नेऊ नका. दुधाचं काहीही विमानतळावर काढून घेतात.

अमळनेरच्या_बाई

भाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर लेकाकडे साडेपाच महिने राहून आले. त्याचं घर बर्मिंगहॅमजवळ सॉलिहलला. ऑक्टोबरात गेले, हीच पहिली चूक.

पहिला आठवडा सुखात गेला. हॉर्न नाही, लग्नाचा डीजे नाही, पहाटे कोणाचा भोंगा नाही. दुसऱ्या आठवड्यात मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला "थांब की रे जरा" म्हणाले, तेव्हा माझं मलाच कसंसं झालं.

तुमच्या सौ.ना हे नीट सांगा. आपल्याकडे ओट्यावर बसायला कारण लागत नाही. बाई नुसती बसली तरी जाणारी विचारते, "काय करी राहिनी वं?" आणि तासभर जातो. तिथे घरापुढे बिनकामाचं उभं राहिलं की लोकांना वाटतं हिला काहीतरी झालंय. मी दोन दिवस नुसती दारात उभी राहिले, तर समोरच्या घरातला पडदा हलला. हातात काहीतरी काम हवं. मला हे कळायला महिना लागला.

काम सापडलं कचऱ्यात. तिथे चाकांचे मोठे डबे असतात, घरच्या कचऱ्याचा वेगळा, कागद-बाटल्यांचा वेगळा. आमच्या गल्लीत गाडी बुधवारी सकाळी यायची, म्हणून मंगळवारी रात्री सगळे आपापला डबा ओढत रस्त्याच्या कडेला आणायचे. अख्ख्या आठवड्यात माणसांचा एवढाच आवाज, चाकांचा घरघर घरघर. आपण बाजाराच्या वारावरून दिवस मोजतो ना, तशी मी डब्याच्या वारावरून मोजायला लागले. लेकाला म्हटलं, डबा मीच नेणार.

शेजारी कळले ते वांग्याच्या भरतामुळे. नोव्हेंबरात मला भरीत खायचं झालं. आपली हिरवी-पांढरट वांगी तिथे कुठली? काळंजर्द चकचकीत वांगं मिळतं, त्यात निम्मं पाणी. काड्यांचा जाळ नाही, म्हणून गॅसवर धरलं. जिन्याशेजारी छताला धुराचं यंत्र असतं, ते असं किंचाळलं की माझ्या हातातला चिमटा पडला. तिथली घरं जोडीनं बांधलेली, दोन घरांत मधली भिंत एकच. पाच मिनिटांत बेल वाजली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच कोणी बेल वाजवली होती. शेजारचे आजोबा, ऐंशी तरी असतील, पायात सपाता, हातात भांडी पुसायचं फडकं. आत येऊ का, असं विचारून आले आणि त्या यंत्राखाली उभे राहून फडकं हलवत राहिले. आवाज बंद झाल्यावर "ऑल राइट?" म्हणाले. मी म्हटलं, तसं ठीक आहे, पण डावा गुडघा धरतो, जिना चढवत नाही. ते ऐकत राहिले बिचारे. रात्री लेक म्हणाला, "आई, तो प्रश्न नव्हता गं, नमस्कार होता."

मी त्यांना जेवणाच्या डब्यात भरीत दिलं, वर कांद्याची पात चिरून. तीन दिवसांनी डबा दारात. आपण रिकामं भांडं परत पाठवत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. हा घासून लख्ख, पूर्ण रिकामा, आत आभाराचं कार्ड. सुंदर अक्षरात चार ओळी. भरीत खाल्लं की नाही, त्याचा उल्लेख नाही!

त्यानंतर मी समोरची पानं झाडायला लागले. शरदात पानं इतकी पडतात की काम संपतच नाही. हातात झाडू दिसला की लोक बोलतात. कुत्रा घेऊन जाणाऱ्यांशी आधी कुत्र्याची चौकशी करायची, मग माणूस आपोआप थांबतो. बोलणं हवामानाचंच, पण रोज तीन-चार जण व्हायचे. आजोबांनी एकदा कुंपणावरून विचारलं, तुमच्या गावी पाऊस किती? मी लेकाकडून आकडे काढले. लंडनला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगावपेक्षा कमीच. आपला चार महिन्यांत उरकतो, त्यांचा वर्षभर ठिबक सिंचनासारखा. त्यांना हे पटलं नाही.

संध्याकाळीच त्रास होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात. डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो. दिवेलागण कधी धरायची? मी हट्टानं सातलाच दिवा लावायची, बाहेर अंधार होऊन तीन तास झालेले. दिवाळीला गल्लीत पणती एकट्या आमच्या दारात. फटाके मात्र ५ नोव्हेंबरला. १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याचा आनंद अजून चालू आहे. त्या रात्री मला बरं वाटलं, खरं सांगते.

कपडे घरातच गरम पाइपांवर वाळवून मी एक भिंत बुरशीनं काळी केली, तो किस्सा पुन्हा कधी.

माणसं वाईट नाहीत, भाऊ. न विचारता कोणाच्या घरात डोकवायचं नाही, ही त्यांची रीत. आपल्याला ते तुसडेपण वाटतं. मलाही अजून थोडं वाटतंच. एप्रिलमध्ये जा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सौ.ना तिथल्याच किराणा दुकानातला मेथीदाणा आणून पुढच्या अंगणात पेरू द्या. हिरवळीत मेथी दिसली की लोक थांबून विचारतात.

पाचोरा_ते_हॅरो

काका, मी पिनरच्या शेजारच्या हॅरोत राहतो. ती शांत वस्ती रेल्वेनंच वसवली, हे मुलानं सांगितलं नाही का? मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांलगतची जास्तीची जमीन होती. १९१५ पासून कंपनीनं त्या भागाची 'मेट्रो-लँड' नावानं जाहिरात केली आणि पुढे तिथे घरं बांधून विकली. पिनर स्टेशन १८८५ चं. फलाटावर बाकं आहेत. चार मार्ग आहेत. दोनांवर लोकल थांबतात, उरलेल्या दोनांवरून चिल्टर्न कंपनीच्या डिझेल गाड्या न थांबता जातात. डोक्यावर तार नाही, वीज रुळातून. मोजून बघा, एका मार्गाला चार रूळ दिसतील.

जत्राही आहे. १३३६ साली राजानं सनद दिली, तेव्हापासूनची. मेअखेरच्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा बुधवार, पाळणे गावाच्या मुख्य रस्त्यावरच लागतात. सारंगखेड्याची सर नाही, पण त्या दिवशी पिनर शांत नसतं.

काकूंना सांगा, हॅरोभर गुजराती आहेत. साक्री गुजरातच्या जवळ, म्हणजे गुजराती बोली त्यांच्या कानावरची असणार. आणि विमा काढूनच या. अपघात विभागात उपचार फुकट, पण भरती केलं तर व्हिजिटरला दीडपट दरानं बिल लागतं.

भुसावळ_लोकोवाला

एका मार्गाला चार रूळ! मी आयुष्यभर पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली गाडी चालवली. रुळात वीज म्हणजे गँगमननं काम करायचं कसं? हे बघायलाच यावं लागेल. मुलाला आत्ता फोन केला, तर म्हणतो, "पप्पा, स्टेशन घरापासून आठ मिनिटांवर आहे, त्यात सांगायचं काय?" आता बोला.

ताई, तुमचं लिहिलेलं सौ.ला वाचून दाखवलं. गुडघ्याच्या किश्श्यावर हसली. एप्रिलचं ठरवतोय. ती विचारते, मेथी ठीक, कोथिंबीर येते का तिकडे?

अमळनेरच्या_बाई

येते. पण मे उजाडू द्या, आणि धणे रगडून पेरा.