मदत हवी आहे: गावच्या सामायिक जागेच्या सोसायटीत तरुण पोरं पुढे कशी आणायची? (बेळगाव तालुका)

पांदीवरची:

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल खरं वाचा.

आमचं गाव बेळगाव शहराला लागून. जिथं भाताची शेतं होती तिथं आता गाळे आणि मंगल कार्यालयं उठलीत. मागच्या पिढीत गावच्या पंचांनी घरटी वर्गणी काढून दोन एकर चार गुंठे जागा घेऊन ठेवली होती, हेतू हा की गावात ज्यांना स्वतःचं घर नाही, जे भाड्याच्या खोलीत नाहीतर भावाच्या पडवीत दिवस काढतात त्यांच्यासाठी कधीतरी परवडणारी घरं व्हावीत आणि जागा मात्र गावाचीच राहावी, कुणी विकून मोकळं होऊ नये. जागा पाच पंचांच्या नावावर घेतली कारण तेव्हा तशीच पद्धत होती. नंतर हाउसिंग सोसायटी रजिस्टर झाली, मी तिची सेक्रेटरी. जागा अजून त्या पाच नावांवरच आहे.

आता पाचातले दोघे वारलेत आणि उताऱ्यावर वारसा लागलाय. त्यांची मुलं सज्जन आहेत, बोलवाल तेव्हा येऊन सही करतो म्हणतात. उद्या नातवंडं काय म्हणतील ते मी कशी सांगू. रिंगरोडची चर्चा सुरू झाल्यापासून गुंठ्याचा भाव ऐकून डोकं फिरतं आणि एजंट लोक तर पारावर येऊन बसतात. म्हणजे हे काम पुढची वीस-तीस वर्षं सांभाळणारी माणसं आत्ताच लागणार आहेत, आणि आमच्या संचालक मंडळात मी सोडले तर सगळे साठीच्या पुढचे.

पोरं नाहीत असं नाही हो. शिवजयंतीचा चित्ररथ बघा की आमच्या गल्लीचा. महिनाभर रात्री जागून वेल्डिंग काय, वर्गणीच्या पावत्या काय, पोलीस परमिशन, जनरेटर, पात्रांचे कपडे, सगळं तीच बघतात आणि शेवटी पै न् पैचा हिशोब देवळाच्या भिंतीला लावतात. तीच पोरं आमच्या बैठकीला आली की त्यांना काम काय, सतरंजी अंथर आणि चहा सांगून ये. बैठक मंगळवारी सकाळी अकराला, का तर तो पूर्वापार बैठकीचा वार. अकराला पोरं उद्यमबागेच्या नाहीतर मच्छेच्या कारखान्यात शिफ्टला असतात, काही पुण्याला, काही गोव्याला हॉटेल लाइनमध्ये. वार्षिक सभा सप्टेंबरापर्यंत घ्यावी लागते आणि बऱ्याच वर्षी तेव्हाच गणपती, मग काय विचारता.

एक प्रसंग सांगते म्हणजे माझा मुद्दा कळेल. देवळाच्या माडीवर लोखंडी ट्रंकेत जागेचे आणि सोसायटीचे कागद आहेत. १९५६ च्या आधीचे सगळे मराठीत, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचे, काही तर मोडीत. नंतरचे सगळे कन्नडात. म्हाताऱ्यांना जुने वाचता येतात, नवे नाहीत. परवा बी.कॉम.ला असलेली एक मुलगी सहज आली होती आजोबांना जेवायला बोलवायला, तिच्या हातात नवी पहाणी (सातबारासारखा जमिनीचा उतारा) दिली वाचायला. तिनं नववा कॉलम वाचला, पाच मालकांची नावं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अकराव्यावर आली आणि थांबली, म्हणाली, "आजोबा, इथं शेतकी सोसायटीच्या कर्जाचा बोजा हाय की अजून." मूळ मालकाचं जुनं पीककर्ज, फेडलेलं आहे असं सगळेजण धरून चालले होते. फेडलं असेलही, खरं उताऱ्यावरून कमी कुणी केलंच नाही. इतकी वर्षं तो कागद आमच्या उशाला होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं हिला कमिटीत घेऊया. लगेच उत्तर, "ती उद्या लग्न होऊन जाणार, तिला कशाला." विषय संपला.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढून झाला, त्यात गुड मॉर्निंगची फुलं येतात. युवा मेळावा घेतला, भाषणं झाली, शिरा-उप्पीट खाऊन पोरं गेली. त्यातल्या एकानं जाताना सरळ विचारलं, "काकू, आम्हाला प्लॉट मिळणार काय? नसंल तर आम्ही कशाला खपायचं?" आणि दुसरा म्हणाला जागा सोसायटीची आणि घर आपलं असलं तर बँक कर्ज देत नाही, असलं घर घेऊन करायचं काय. दोघांचंही मला चुकीचं वाटलं नाही, पण उत्तर काय द्यायचं ते सुचेना.

तर कुणी असं काही केलंय का? पोरांच्या हातात खरोखरचा अधिकार कसा द्यायचा, कायद्यात कुठपर्यंत बसतं, अठराच्या खालच्यांना काय करता येतं, आणि त्या प्लॉटवाल्या प्रश्नाला काय सांगायचं? उपदेश नको, केलेलं सांगा.

वडगावकर_बेंगळुरात:

काकू राग मानू नका, मी तुमच्या त्या पोरांतलाच आहे म्हणून सांगतो. चित्ररथाला आम्हाला कुणी बोलवत नाही, आम्हीच जातो, कारण तिथं पावती पुस्तक आमच्या हातात असतं आणि चुकलं तर शिव्या पण आम्हीच खातो. तुमच्या मेळाव्यात आमच्या हातात काय होतं, उप्पीटाची प्लेट. मार्गदर्शन करतो म्हणून बोलवायचं आणि मत मांडलं की "तुला काय कळतंय" म्हणायचं, हे सगळ्या गल्लीत सेम आहे.

बैठक शनिवारी रात्री नऊला ठेवा आणि बाहेरगावच्यांना फोनवर व्हिडिओ कॉलने घ्या, फुकटात होतं. आणि पोरांना "या" असं म्हणू नका, काम द्या. हे बोजा कमी करायचं काम त्या मुलीला आणि आणखी दोघांना द्या, त्या शेतकी सोसायटीतून ना-हरकत आणायची, तहसीलदार ऑफिसला अर्ज द्यायचा, म्युटेशनला (फेरफार नोंदीला) लागायचं, झालं की त्यांनीच सभेत उभं राहून सांगायचं, म्हाताऱ्यांनी नव्हे. सरकारच्या 'भूमी' वेबसाइटवर उतारा ऑनलाइन निघतो, आमच्या पोरांना मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही शाळेत कन्नड शिकलो त्याचा घरच्यांनी आजवर फक्त लाइट बिल वाचायला उपयोग केलाय.

रिटायर्ड_सहकार:

ताई, मी सहकार खात्यात नोकरी केली, त्यामुळे थोडं कोरडं लिहितो.

आधी पाच नावांचं निस्तरा, पोरांचं नंतर. सोसायटी रजिस्टर आहे म्हणून जागा सोसायटीची होत नाही, जिवंत तिघे आणि वारस यांच्याकडून सोसायटीच्या नावे रजिस्टर दस्त व्हायला पाहिजे. जमीन अजून शेतीच असेल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसकडून बिगरशेती करून घेणं आलं, लँड रेव्हेन्यू कायद्याच्या कलम ९५ खाली. लँड रिफॉर्म्स कायद्यात २०२० ला बदल झाले आणि शेतजमीन घेण्यावरच्या बऱ्याच अटी सैल झाल्या, खरं संस्थेच्या नावे घेताना वकिलाला दाखवूनच पाऊल टाका.

दुसरं. आपल्याकडच्या बहुतेक हाउसिंग सोसायट्या ले-आऊट पाडतात आणि प्रत्येकाच्या नावे सेल डीड (खरेदीखत) करून मोकळ्या होतात. तसं केलं की पंचांचा हेतू तिथंच संपला, पाच-दहा वर्षांत अर्धे प्लॉट बाहेरच्यांच्या नावावर जातील. जागा गावाची ठेवायची असेल तर जमीन सोसायटीकडे आणि घराचा हक्क लांब मुदतीच्या लीजवर (भाडेपट्ट्यावर). एक वर्षाच्या वरचं लीज रजिस्टर करावंच लागतं, साध्या स्टँप पेपरवर चालणार नाही. बँकेचं म्हणाल तर लीजचा मसुदा छापायच्या आधी बँक मॅनेजरसमोर ठेवा आणि त्यांना काय पाहिजे ते त्यातच घाला. घर विकायची वेळ आली तर सोसायटीला पहिला हक्क आणि किंमत ठरवायची रीत, हे दोन्ही त्यात हवं.

तरुणांसाठी राखीव जागा १९५९ च्या सहकार कायद्यात नाही, महिलांसाठी आहे. तुमच्यात त्या भरल्यात का? तुम्ही एकट्याच दिसताय लिहिण्यावरून. सभासद व्हायला अठरा पूर्ण पाहिजेत. पोटनियमात दुरुस्ती करून युवा उपसमिती आणता येईल, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि रजिस्ट्रारची मंजुरी लागते. मंडळाच्या बैठकीत त्यांना मत नसलं तरी अमुक रकमेपर्यंतचा खर्च आणि घरांच्या अर्जांची पहिली छाननी त्यांच्याकडे सोपवता येते, आणि ते ठरावात लिहिलेलं असलं की उद्या नवा चेअरमन "माझ्या मनात नाही" म्हणू शकत नाही.

अठराच्या खालच्यांसाठी तुमच्या ग्रामपंचायतीत मक्कळ ग्रामसभा (मुलांची ग्रामसभा) भरते का बघा. आपल्या राज्यात २००६ पासून ती दरवर्षी घ्यायची आहे. बऱ्याच ठिकाणी नुसते फोटो निघतात. खरं तिथं मुलांनी मांडलेला प्रश्न पंचायतीला नोंदवून घ्यावा लागतो, कुणाला घर नाही हे मुलांना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, बरोबर बाकावर बसतात ना.

झाडीबोली:

मी गडचिरोलीकडचा. मेंढा-लेखा गावाचं ऐकलं असेल, २०१३ साली तिथल्या लोकांनी ग्रामदान कायद्याखाली आपापल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं होतो, बहुमतानं नाही. खरं तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे अभ्यासगट. ग्रामसभेत निर्णय, अभ्यासगटात नुसती चर्चा, तिथं कुणी मोठं नाही, बाहेरचाही येऊन बसतो, ठराव करायचा नसतो त्यामुळे वाद घालायला कुणी भीत नाही. तुमच्या बैठकीत पोरं गप्प बसतात कारण तिथं बोललं की कुणाचा तरी मान जातो.

आणि एक, जागा सगळ्यांची आणि घर ज्याचं त्याचं, हे काही नवीन खूळ नाही. विनोबांच्या भूदानात एकेकाला दिलेली जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जायला लागली तेव्हा ग्रामदानात ती गावाकडेच ठेवायचं ठरलं. तुमच्याच राज्यात म्हैसूरजवळ येलवालला १९५७ मध्ये ग्रामदान परिषद भरली होती, नेहरू, राजेंद्रप्रसाद आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद एका ठिकाणी. तीच कल्पना पुढे अमेरिकेत गेली आणि १९६९ ला जॉर्जियात काळ्या शेतकऱ्यांनी न्यू कम्युनिटीज नावानं ५,७०० एकर अशी सामायिक घेतली. दुष्काळ आणि कर्जापायी १९८५ ला ती हातची गेली, तेव्हा उताऱ्यावरचा बोजा हलक्यात घेऊ नका ताई.

बोस्टनमध्ये डडली स्ट्रीट म्हणून वस्ती आहे. पडीक प्लॉट, कचरा, जळालेली घरं. १९८४ ला लोकांनी संस्था काढली, १९८८ ला शहराकडून तिथली मोकळी जागा संपादन करायचा अधिकार मिळवला आणि आता सव्वादोनशेच्या आसपास परवडणारी घरं सामायिक जमिनीवर आहेत. त्यांच्या मंडळात चार जागा तरुणांच्याच, वस्तीतल्या मतदानानं भरलेल्या. जॉन बॅरोस नावाचा पोरगा सतराव्या वर्षी त्या मंडळावर निवडून आला, कॉलेज करून परत आला आणि पुढे तोच संस्थेचा कार्यकारी संचालक झाला. सतराव्या वर्षी मत मिळालं म्हणून परत आला असं मला वाटतं, तो काय म्हणेल माहीत नाही.

सासर_निपाणी:

लग्न होऊन जाणार म्हणे. मी निपाणीला दिली, माहेरच्या दूध सोसायटीची सभासद अजून आहे, महिन्यातून एकदा बसने जाते. आणि तिघं भाऊ? एक दुबईला, एक पुण्याला, एक फोन उचलत नाही. विचारा त्या पंचांना की त्यांची मुलं कुठं आहेत.

पांदीवरची:

सगळ्यांचे आभार. @सासर_निपाणी तुमचं वाक्य मी आमच्या चेअरमनना वाचून दाखवलं, ते हसले आणि मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत, त्यांचाही एक दुबईला आहे.

@रिटायर्ड_सहकार महिलांची एक जागा रिकामीच आहे, बरोबर ओळखलंत. ती मुलगी अठरा पूर्ण आहे, शेअर भरून सभासद करून घेते, मग बघू कोण काय म्हणतंय. बोजाचं काम तिला आणि दोन पोरांना दिलं, त्यातला एक तोच प्लॉट विचारणारा. त्याला मी सांगितलं की प्लॉट मिळणार नाही, घर मिळू शकतं, कुणाला आणि कुठल्या अटीवर ते ठरवणाऱ्यांत तू बसणार असशील तर बस. अर्जांच्या छाननीत स्वतःच्या घरचा अर्ज आला तर उठून बाहेर जायचं हा नियम त्यानंच सुचवला, आमच्यात आजवर असला नियम नव्हता. बैठक शनिवारी रात्रीची करायला दोघा पंचांचा विरोध आहे, एकाला झोप येते आणि एकाची मालिका असते.

आता पुढचं. युवा उपसमितीसाठी पोटनियम दुरुस्तीचा मसुदा कन्नडात कुणाकडे असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मराठीत मी लिहिलाय खरं रजिस्ट्रार ऑफिसला कन्नडच लागणार. आणि सोसायटीला पहिला हक्क ठेवलेलं लीज बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात कुठल्या सब-रजिस्ट्रारकडे खरोखर रजिस्टर झालंय का? झालं असेल तर स्टँप ड्युटी कशावर धरली ते पाहिजे, आमचे वकील दर वेळी वेगळा आकडा सांगतात.