फायब्रोमायल्जिया आणि मालीश: लागलंच पाहिजे का?

आठसत्तावीस (डोंबिवली)

नमस्कार. वय ४७, नोकरी फोर्टला, म्हणजे रोज लोकल. तीन वर्षं अंग ठणकतंय. आधी मान, मग खांदे, मग खुबे. आता कुठे दुखत नाही ते विचारा. सकाळी उठते ती रात्रभर कोणी मुसळाने कुटल्यासारखी. थायरॉइड, बी-१२, सीआरपी, आरए फॅक्टर, सगळं नॉर्मल. "रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका," हे चार डॉक्टरांकडून ऐकून झालं. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. नाव कळल्यावर मी रडले, आनंदाने. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम चालू आहे, झोप जरा लागते. रोज चालायला सांगितलंय.

प्रश्न मालिशचा आहे. आमच्या सोसायटीत बाळंतिणींना मालीश करायला एक मावशी येतात. जाऊबाई म्हणाल्या, त्यांना बोलाव, दोन दिवसांत मोकळी होशील. मावशींनी पाठीवर कोपर ठेवून रगडलं. मी ओरडले तर म्हणतात, "गाठी आहेत ताई, लागणारच. लागलं की सुटतं." पुढचे तीन दिवस मी रजेवर. ब्लाउजचे हुक लावताना डोळ्यांत पाणी यायचं.

पण गंमत अशी, की शेवटी दमल्यामुळे त्यांनी पायांना तेल नुसतं चोपडलं, गप्पा मारत, दहाएक मिनिटं. त्या पायांना मात्र बरं वाटलं! म्हणून नादही सुटत नाही. तुमच्यापैकी कोणी मालीश घेतं का? किती, कशी? आणि मावशींना न दुखावता सांगायचं कसं?

कृष्णाकाठ

तिळाचं तेल कोमट करून लावा, वर निर्गुंडीच्या पाल्याचा शेक. माझ्या आत्याच्या गुडघ्याला चांगला गुण आला.

आठसत्तावीस

आत्यांचा गुडघा नशीबवान, एकटाच दुखतोय. माझं कुठे कुठे शेकू? पण कोमट तेलाचं लक्षात ठेवते.

फिजिओ_नाशिक

ताई, मावशींचा अनुभव खोटा नाही, पण तो बाळंतिणीच्या पाठीचा. तुमच्या आजारात बिघाड स्नायूत कमी आणि दुखण्याची वर्दी देणाऱ्या मज्जासंस्थेत जास्त. दारावरची बेल वाऱ्यानेही वाजायला लागावी, तसं. कोपराने रगडणं म्हणजे त्या बेलवर बोट दाबून धरणं.

"गाठी" म्हणाल तर, १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा ठरवल्या होत्या, अंगभर दुखणं आणि त्यातल्या किमान ११ दाबून दुखल्या की निदान. त्या जागा हळव्या असतात, पण फोडायच्या गाठी नव्हेत. २०१० च्या निकषांतून तर त्या दाबून बघणंच काढून टाकलं.

मालिशने फरक पडतो का? २०१४ मध्ये नऊ चाचण्या, एकूण ४०४ रुग्ण, यांचा एकत्र आढावा निघाला होता. पाच आठवडे किंवा जास्त मालीश घेतलेल्यांचं दुखणं, चिंता आणि उदासी उपचार संपता संपता कमी दिसली. पुढे ते किती टिकतं याचा पुरावा तोकडा आहे, म्हणून एका बैठकीवरून हो-नाही ठरवू नका. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. माझ्या रुग्णांना मी सांगतो, मालीश घेऊन संध्याकाळी फेरी मारता आली तर मालीश लागू पडली. पलंगावर पडावं लागलं तर हात जड होता.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मालीश अजिबात नको, आधी डॉक्टर.

एसटी_निवृत्त (सातारा)

आमच्या मंडळींना हा आजार नऊ वर्षं आहे. मालीश मीच करतो. अठ्ठावीस वर्षं स्टेअरिंग धरलेला हात, पहिल्या दिवशी असा दाबला की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिनेच शिकवलं. म्हणाली, "पुरणपोळी लाटताना पुरण बाहेर येऊ द्यायचं नसतं, तेवढाच जोर." मला पोळी लाटता येत नव्हती. तिने शेजारी उभं करून लाटायला लावली. तीन पोळ्या फुटल्या, चौथी जमली, तेव्हा पाठीला हात लावू दिला.

आमची पद्धत सांगतो. पहिला आठवडा फक्त तळपाय आणि तळहात, दहा मिनिटं. दोन दिवस थांबून अंग काय म्हणतं ते बघायचं. ठणका वाढला नाही तर पोटऱ्या, मग हात. खांदे आणि मान सगळ्यात शेवटी. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करतो, आणि पंखा बंद, कारण ओल्या अंगावर वारा तिला सुईसारखा टोचतो. मालीश चालू असताना ती दहापैकी आकडा सांगते. चारच्या वर गेला की मी हात उचलतो. वाद घालायचा नाही. "एवढंसं तर लावलंय" हे वाक्य मी बोलायचं सोडून दिलंय, लय महाग पडतं.

कालनिर्णयवर त्या दिवशी खूण करतो, आणि दोन दिवसांनी पुढे "बरं" नाहीतर "वाढलं". पावसाळ्यात "वाढलं" जास्त दिसतं, निदान हिच्या बाबतीत. दुखणं गेलंय असं म्हणणार नाही. पण मालिशच्या रात्री ती एका कुशीवर चार तास झोपते, एरवी तासातासाला कूस बदलते.

मावशींना सांगा, डॉक्टरांनी फक्त तेल जिरवायला सांगितलंय. डॉक्टरांच्या नावावर खपवलं की कोणाचा अपमान होत नाही.

आठसत्तावीस

काका, पुरणपोळीवर हसू आलं आणि डोळेही भरले. आमच्या घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आमचे हे म्हणाले, "मला पोळी लाटता येते," आणि पेपरात तोंड घातलं.

रविवारी मावशी आल्या. तुमचंच वाक्य वापरलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे बाळाला लावते तसं?" मी म्हटलं, अगदी तसं. "आधी सांगायचं की मग! मला वाटलं मोठ्या बाईला हलक्या हाताने लावलं तर म्हणेल पैसे घेऊन काम केलं नाही." पैसे तेवढेच घेतले, पण वीस मिनिटं दोन्ही पाय आणि हात. मानेला हात लावायचा नाही असं दोघींनी ठरवलंय. संध्याकाळी बागेला एक फेरी मारली, फिजिओदादा.

सोमवारी आठसत्तावीस पकडली. चौथी सीट मिळाली.