२०व्या मेनची काडतुसं संपली, त्याआधीची गोष्ट

अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत, लिटल राउंड टॉप या टेकडीवर (२ जुलै १८६३) उत्तरेच्या २०व्या मेन पलटणीने संगिनी रोखून हल्ला का केला, या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. माणशी ६० काडतुसं होती. तोंडाकडून ठासायच्या रायफलीतून मिनिटाला दोन-तीन बार निघतात, म्हणजे सलग झाडलं तर साठा अर्ध्या तासातच संपतो. शिवाय काळ्या दारूची काजळी नळीत साचली की गज खाली ढकलणं जड जातं आणि वेग आणखी मंदावतो. पलटणीचा प्रमुख चेंबरलेन याने डावी बाजू मागे वळवली होती, त्यामुळे रांगही विरळ झाली होती.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मे महिन्यातलं. २ऱ्या मेन पलटणीची दोन वर्षांची मुदत संपली, पण तीन वर्षांच्या करारावर सही केलेले सुमारे १२० जण अडकले आणि बंडाच्या आरोपाखाली पहाऱ्यात २०व्या मेनकडे धाडले गेले. चेंबरलेनने त्यांना गोळ्या घातल्या नाहीत, समजावलं. बहुतेक जण रांगेत उभे राहिले. देवीच्या सदोष लसीमुळे चान्सलर्सविलच्या लढाईच्या वेळी विलगीकरणात राहिलेल्या या पलटणीला मुरलेले शिपाई मिळाले ते असे!

समोरची दक्षिणेची १५वी अलाबामा पलटण तर दिवसभर चालून आलेली, आणि तिचे पाणी आणायला गेलेले लोक पकडले गेले होते.