'थेरप्यूटिक हायपोथर्मिया'ला मराठीत काय म्हणावं?

मंजिरी, नौपाडा: रुग्णाच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. औषधामुळे यकृत अचानक निकामी झालंय आणि शरीराचं तापमान मुद्दाम ३३-३४ अंश सेल्सिअसवर आणायचंय. मी लिहिलं, 'रुग्णाचं अंग गार केलं जाईल.' सासूबाईंनी वाचून कागद खाली ठेवला. "अगं, अंग गार पडलं म्हणजे माणूस गेला. आयसीयूच्या दारात हे कुणाच्या हातात देणार?" 'शीतोपचार' म्हणावं, तर मुरगळलेल्या पायावरचा बर्फ डोळ्यांपुढे येतो. सुचवा.

घोडबंदरकर: उपचारात्मक अल्पतापावस्था. जड वाटेल, पण वापरला की रुळतो. सावरकरांचे 'महापौर', 'दिनांक' रुळलेच ना?

वाशी_आयसीयू: काका, 'अल्पताप' म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे ताप कमी आहे ना?" आम्ही सरळ 'कूलिंग' म्हणतो. मंजिरीताई, शब्द कोणताही घ्या, पण थंडाव्याने यकृत बरं होतं असं लिहू नका. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर त्यावर उतारा एन-ॲसिटिलसिस्टीनचा, तोही पहिल्या ८ तासांत मिळाला तर उत्तम. थंडाव्याने यकृत वाचल्याचं उंदरांत दिसलंय. माणसांत कूलिंग करतात ते मेंदूसाठी. यकृत बंद पडलं की रक्तात अमोनिया साठतो, मेंदूला सूज येते आणि कवटीत दाब वाढतो. कशालाच न जुमानणारा तो दाब एडिनबर्गच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये शरीर थंड करून उतरवला होता. पण दाब वाढायच्या आधीपासूनच थंड ठेवून २०१६ च्या चाचणीत फायदा दिसला नाही.

बेलापूरची_सई: 'निववणे' घ्या ना! आजी म्हणायची, दूध निववून मग विरजण लाव. निवलेलं म्हणजे थंडगार नव्हे, बोटाला सोसेल इतपत. 'शरीर निववण्याचा उपचार' ऐकून कुणाच्या पोटात गोळा येणार नाही.

घोडबंदरकर: स्वयंपाकघरातला शब्द वैद्यकीय पत्रकात नको. आणि 'औषधामुळे यकृत निकामी' हेही सैल आहे. 'औषधजन्य यकृतक्षती' लिहा.

ऐरोली_७०८: निदान 'औषध' तरी ठेवा. टीबीच्या गोळ्यांनी माझ्या भावाला कावीळ झाली. आपल्याकडे औषधांनी यकृत बिघडण्यात याच गोळ्या सगळ्यात पुढे आहेत. त्याच्या कागदावर कुणीतरी 'ड्रग'चं 'अमली पदार्थ' केलं होतं. लग्नाची बोलणी चालू होती. सगळ्यांना समजावता समजावता आई थकली.

बेलापूरची_सई: बाप रे. हेच म्हणतेय मी, घरातल्या माणसाला कळेल असंच लिहावं. 'यकृत' तरी किती जणांना कळतं? 'लिव्हर' लिहा.

घोडबंदरकर: 'यकृत' का सोडायचा? 'हिपॅटायटिस'मधलं ग्रीक 'हेपार' आणि आपलं 'यकृत' एकाच मुळाचे. इतका जुना शब्द आहे हा!

ऐरोली_७०८: मग 'काळीज' का नको? मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृतच मिळतं.

मंजिरी, नौपाडा: 'काळीज निकामी झालं' लिहिलं तर लोक हार्ट अटॅक समजतील. अहो, पण माझं 'अंग गार'चं काय?

बेलापूरची_सई: काळीज म्हणजे हृदय हे आलं कुठून पण? आजी तर दोन्हीला काळीजच म्हणायची.