थंडरबर्डमधली जुनी मेल नव्या संगणकावर

वडिलांच्या जुन्या संगणकावरच्या थंडरबर्डमधली (मेल वाचायच्या प्रोग्रॅममधली) मेल नव्या संगणकावर कशी न्यायची, असं तुम्ही विचारलंय. नव्या संगणकावर पासवर्ड टाकला की ती सगळी आपोआप दिसेल, असं वरच्या एका उत्तरात सुचवलंय. खातं आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच (मेल सेवेच्या संगणकावर) ठेवणाऱ्या पद्धतीवर असेल, तर बहुतेक दिसेल. पॉपवर, म्हणजे मेल आपल्या संगणकात उतरवून घेणाऱ्या पद्धतीवर असेल, तर उतरवून घेतलेली मेल फक्त जुन्या संगणकात असू शकते. म्हणून तो इतक्यात भंगारात देऊ नका, कळकळीने सांगतो.

इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या काकांचं हेच काम नुकतंच केलं. खातं आयमॅपचंच होतं, पण वाड्याच्या वाटणीचा सगळा पत्रव्यवहार त्यांनी 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त त्या संगणकातच राहणाऱ्या फोल्डरांत ठेवलेला. हे फोल्डर सर्व्हरवर कधीच जात नाहीत!

थंडरबर्डच्या हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलचं (मेल आणि सेटिंग्ज जिथे साठतात ते) फोल्डर उघडतं. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खं फोल्डर कॉपी करा. आत 'इनबॉक्स' नावाची, पुढे एक्स्टेन्शन (नावानंतर टिंब देऊन येणारी अक्षरं) नसलेली जड फाइल दिसेल. मेल त्यातच असते. शेजारची 'एमएसएफ' फाइल म्हणजे नुसती सूची, ती पुन्हा तयार होते. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या साठवण-पद्धतीचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. काकांचा इनबॉक्स तिथेच अडला होता.

नव्या संगणकावर थंडरबर्डची आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून नवी हवी.

थंडरबर्डऐवजी आउटलुक हा मेलचा प्रोग्रॅम असेल, तर 'पीएसटी' (मेल साठवलेली) फाइल घ्या, 'ओएसटी' (सर्व्हरवरच्या मेलची नुसती प्रत) नाही.

वडिलांच्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'सर्व्हर टाइप'समोर काय लिहिलंय ते कळवा, पुढचं सांगतो.